गुणगुणून जिंकलेला सामना

वेस्टरलुंड कॉलेज, मिनेसोटा
१८ नोव्हेंबर १९५८

आदरणीय इंगेबोर्ग आत्या यांना वर्लिनचा सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की नाही? काकांचा खोकला? तुम्ही पाठवलेल्या लेफ्सेच्या, त्या बटाट्याच्या पोळ्यांचा, टपालात चुरा झाला होता. तो आम्ही सूपमध्ये घालून खाल्ला आणि तुमची आठवण काढली. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे मला अजून काढून टाकलेलं नाही.

मी अमेरिकन फुटबॉलचा प्रशिक्षक कसा झालो, हे तुम्ही दर नाताळात विचारता आणि दर नाताळात मी विषय बदलतो. आज सांगतोच. कॉलेजात असताना चार वर्षांत मी सात वेळा मैदानात उतरलो (त्यातल्या दोन वेळा कुणाचं तरी हेल्मेट परत द्यायला). शेवटच्या वर्षी वाकून बुटाची नाडी बांधत असताना समोरच्यांचा सगळ्यात वेगवान गडी माझ्यावर अडखळून पालथा पडला आणि आम्ही जिंकलो. गावच्या पेपरात ‘वर्लिनची अभेद्य भिंत’ असा मथळा आला. पुढं मी कॉलेजच्या बॉयलरवर नोकरीला लागलो. तीन वर्षांपूर्वी आमचे जुने प्रशिक्षक भर हंगामात विमा विकायला निघून गेले, तेव्हा अध्यक्ष डॉ. रस्टाड तळघरात आले आणि म्हणाले, “ती भिंत तूच ना? नियम येतात?” मी म्हटलं, “बरेचसे.” “मग झालं तर. पण बॉयलर सुटणार नाही हं.”

तेव्हापासून आम्ही एकही सामना जिंकलेला नव्हता. (एकदा बरोबरी झाली, पण त्या दिवशी समोरच्यांची बस वाटेत बंद पडली होती.) या ऑक्टोबरात डॉ. रस्टाड यांनी बजावलं की शेवटचा सामना तरी जिंका, नाहीतर मैदान नांगरून शेतकी विभागाला साखरबीट लावायला देतो. शेतकीवाले दुसऱ्याच दिवशी मातीचा नमुना घेऊन गेले. आत्या, हसू नका. रात्रंदिवस बॉयलरपाशी राहणाऱ्या माणसाला आठवड्यातून एक दुपार तरी उघड्यावर उभं राहून ओरडायला मिळावं, एवढीच माझी चैन होती.

त्यातच सामन्याच्या आठवड्यात निम्म्या संघाला गालगुंड झालं. कुणाच्याही डोक्यात हेल्मेट जाईना. शेवटी मी चर्चच्या गायकवृंदाच्या संचालिका मिस स्ट्रोमे यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. बाईंकडे धिप्पाड खर्जवाले भरपूर. त्या म्हणाल्या, “न्या. पण रविवारी कार्यक्रम आहे. एकाचाही आवाज बसला तर तुमचा गळा मी स्वतः बसवीन. मैदानात कुणी ओरडायचं नाही.”

आता तुम्हांला या खेळातलं काही कळत नाही, म्हणून सांगतो. आपला कप्तान आकडे ओरडतो, ठरलेल्या आकड्याला चेंडू मागे येतो आणि मग मारामारी सुरू. त्याआधीच समोरच्यांपैकी कुणी रेषा ओलांडली, की पाच यार्ड आपल्याला फुकट. आम्हांला ओरडायची बंदी, म्हणून आमचा कप्तान लाइल याने आकड्यांऐवजी भजन गुणगुणायचं ठरवलं. तिसऱ्या ओळीच्या शेवटी चेंडू.

समोरच्यांना काही ऐकू येईना. ते कान देऊन पुढे वाकले, आणखी वाकले आणि एक जाडजूड गडी तोल जाऊन आमच्या अंगावर आडवा झाला. पाच यार्ड! पुढच्या खेपेला दोघे पडले. त्यांचा प्रशिक्षक क्लोपेनबर्ग किंचाळत होता, “अरे गाढवांनो, ऐकू नका त्यांचं!” पण सूर असा लागला होता की एक पंचसुद्धा मान डोलावत होता. लबाडी वाटेल म्हणून सांगतो, एकही पाऊल न धावता आम्ही पंचावन्न यार्ड पुढं गेलो. मग एका गायकानं चेंडू लाथेनं खांबांमधून पार घातला. त्याचे तीन गुण, आणि सामना संपला तो तीन विरुद्ध शून्यवर! मला खांद्यावर उचलून घेतलं, आणि उचलणारे चारही सुरात असल्यामुळं मी रडलो.

डॉ. रस्टाड यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “वर्लिन, तू माणसं घडवतोस.” हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे.

तुमचा,
वर्लिन

ता. क. तुमच्या गावच्या शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा निघाल्याचं ऐकलं. तुम्ही शाळा समितीवर आहातच. हे पत्र सभेत वाचून दाखवावं, पण सहीपर्यंतच.

दुसरा ता. क. विजय काल रद्द झाला. माझ्या गायकांपैकी तिघे कॉलेजचे विद्यार्थी नव्हतेच, नुसते चर्चचे होते. लाथ मारणारे गृहस्थ गावचे दंतवैद्य आहेत, वय चव्वेचाळीस. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. मैदानावर आज सकाळी ट्रॅक्टर आला.

तिसरा ता. क. बायको म्हणते, तुमच्या शाळेत फुटबॉल नाहीच, मुलींचं व्हॉलीबॉल आहे. काही हरकत नाही. त्यात प्रशिक्षकानं जाळीच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं असतं, तेवढं मात्र मुलाखतीआधी कळवा.