माझ्या आवाजाबद्दल

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चि. घुमीस,

आईचे आशीर्वाद, आणि सोबत पाठीत एक धपाटा. पेपरात फोटो आला तुझा, पण त्या फोटोतला शर्ट! इस्त्रीचा पत्ता नाही, कॉलर एकीकडे वर आणि एकीकडे खाली. लाँड्रीवाल्याची पोर अशी चुरगळलेली छापून आली तर गिऱ्हाइकांनी आमच्याकडे कपडे द्यावेत तरी कशाच्या भरवशावर? बाबांनी तो फोटो कापून गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटवलाय. कॉलर झाकली जावी म्हणून मी त्याच्यावर ‘सोमवारी दुकान बंद’ची पाटी लावते, आणि ते ती पाटी रोज सरकवतात.

बाकी ठीक. वाफेच्या इस्त्रीची नळी गळत होती, बाबांनी दुरुस्त केली. म्हणजे आता ती दुसऱ्या ठिकाणी गळते. माझा गुडघा बरा आहे.

तुझं पत्र मिळालं. लिहून विचारलंस हे बरं केलंस. फोनवर तू थांबली असतीसच, मला माहीत आहे. पण कागदावर मी कुठे अडत नाही, आणि प्रश्न माझ्या अडण्याचाच आहे.

तर तो वितरक म्हणतोय, तुमचा सिनेमा मोठमोठ्या थिएटरांत लावतो, फक्त एक करा. दुकानवाल्या बाईचा, म्हणजे माझा, आवाज काढून टाका आणि त्या जागी एखाद्या तयार नटीचा घाला. मी जिथे अडखळते तेवढे तुकडे कापा. लोक करमणुकीला येतात, असला आवाज ऐकून घेणार नाहीत. आणि तू लिहितेस, “आई, तू म्हणशील तसं. आवाज तुझा आहे.”

मी म्हणते, हो म्हणून टाक. माझ्या आवाजाचं काय एवढं? तो काही कोणी ऐकायला मागितला नव्हता. तू पाठवलेला त्या नटीचा नमुना बाबांनी मला ऐकवला. छान बोलते गं, अगदी लोण्यासारखं. तू दोन वर्षं दर सोमवारी आमच्या बंद दुकानात शूटिंग केलंस. दातांच्या डॉक्टरांना घरमालक केलंस, शेजारणीला गिऱ्हाईक केलंस, कोणी ना कोणी दर वेळी आजारी पडायचं आणि तू परत पुढच्या सोमवारची वाट बघायचीस. एवढी मेहनत माझ्या जिभेपायी डब्यात पडून राहावी, हे मला पटत नाही.

बाबांचंही तेच मत आहे. निदान मी तोंड उघडलं तेव्हा ते मान डोलावून म्हणाले, “हो म्हणावं, असंच ना?” लग्न झाल्यापासून माझी वाक्यं पुरी करण्याचा मक्ता त्यांच्याकडेच आहे. मला पाणी हवं असतं तेव्हा पंखा लावतात. पण मायेने लावतात, म्हणून मी पंख्याखाली बसते.

तू मात्र कधी माझं वाक्य पुरं केलं नाहीस. एवढीशी होतीस तेव्हापासून. सगळ्या जगाला घाई असायची, भाजीवाला तर मी ‘क’ म्हटलं की कांद्यांच्या पोत्यात हात घालायचा. मला कोबी हवा असायचा. शेवटी मी मटार मागायला लागले, म्हणून आपल्या घरी इतका मटार. तू बाजूला उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत राहायचीस, शब्द येईपर्यंत. मावशी म्हणायची, पोरगी घुमी आहे, हिला डॉक्टरला दाखवा. शाळेतल्या बाईंनी तर लिहूनच पाठवलं की मुलीचं लक्ष नसतं. लक्ष नसतं म्हणे! तुझ्याएवढं लक्ष मी आजवर कोणात पाहिलेलं नाही.

आणि मामाचा तो जुना कॅमेरा आला तो दिवस. मागच्या अंगणात चादरी वाळत होत्या, त्यांच्यामधून तू चोर-पोलीस धावायला लावलेस, शेजारची दोन कार्टी. मला कामाला लावलंस, “चोर पकडला की आई तू ‘कट’ म्हण, मग मी बंद करीन.” सगळ्या जगात तुला ‘कट’ म्हणायला मीच सापडले! चोर पकडला गेला. मी आपली क, क करत उभी. तू कॅमेरा धरून उभी. चोराला वाटलं संपलं, त्याने पोलिसाकडून पाठ खाजवून घेतली. पोलिसाने टोपी काढून घाम पुसला, मग दोघं चादरीच्या सावलीत बसले आणि चोर त्याला म्हणाला, “उद्या तू हो चोर, मला धावून कंटाळा आलाय.” तेव्हा कुठे माझा ‘कट’ बाहेर पडला. मी शरमेने अर्धी झाले. संध्याकाळी तू टीव्हीला वायर जोडून ते पाहिलंस आणि नाचायलाच लागलीस, “आई, धावणं सगळं भिकार आहे, पण हे बघ, तू ‘कट’ म्हणाली नाहीस तेवढ्यातलं!”

तुझा तो दाढीवाला कॅमेरामन मला म्हणाला होता, “तुमच्या मुलीच्या सेटवर कोणी कट म्हणत नाही, शॉट संपला हे बॅटरी संपल्यावर कळतं.” तो तक्रार करत होता. मी मात्र दिवसभर हसत इस्त्री केली.

जाहिरातवाल्याकडची तुझी नोकरी याच पायी सुटली ना? त्याला चटचट हवं होतं, साबण दिसला की पुढे. तू पहिल्यांदा नुसती चहा आणायच्या कामावर होतीस, मग त्याने एक दिवस कॅमेरा हातात दिला, आणि तू साबण घेऊन गेलेल्या बाईच्या मागे रिकाम्या मोरीचंच चित्रण करत बसलीस. घरी येऊन म्हणालीस, आता मी माझं माझं करीन. नातेवाइकांनी डोक्याला हात लावला. मी लावला नाही. अभिमान वाटला होता, पण तो शब्द ‘अ’सारख्या सोप्या अक्षराने सुरू होत असूनही तेव्हा तोंडातून निघाला नाही. आज लिहिते.

गिऱ्हाईक आलंय, कोट घेऊन. उरलेलं नंतर.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पत्र टाकायचं राहिलं. राहिलं म्हणजे मीच टाकलं नाही. पाकीट दोन वेळा चिकटवलं, दोन वेळा वाफेवर धरून उघडलं. लाँड्रीत राहून एवढी विद्या यायचीच.

वर मी ‘हो म्हण’ लिहिलंय, ते वाचताना मला कोणी दुसरीच बाई लिहितेय असं वाटलं. लोण्यासारखं बोलणारी.

पहिल्या खेळाला मी सभागृहात मागे बसले होते ते तुला माहीत आहे. मला कसं वाटलं हे तू विचारलंस, आणि मी ‘छान’ म्हणून सुटका करून घेतली. आता ऐक. घरमालक दुकान खाली करायला सांगतो, आणि मी म्हणते, “दुकान सोडणार नाही,” तो भाग आला. मला पुढचं ठाऊक होतं. ‘दु’वर मी अडकते आणि अडकूनच राहते. मी डोळे मिटून घेतले. आता कोणी तरी हसणार, कोणी तरी माझ्याऐवजी शब्द म्हणून टाकणार. जन्मभर हेच झालंय. आणि सभागृहात काही म्हणजे काही आवाज झाला नाही. डोळे उघडून पाहिलं तर सगळे जण पुढे झुकून बसले होते. अनोळखी माणसं, घरी जायची घाई असलेली, माझ्या एका शब्दासाठी थांबली होती. शब्द आला तेव्हा माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी श्वास सोडला. त्यांना कळलंही नाही की पडद्यावरची बाई म्हणजे मी.

घुमे, तू लहानपणी माझ्यापाशी उभी राहायचीस, तसं तू त्या सगळ्यांना उभं केलंस. हे मी कापायला सांगू? मला वेड लागलंय का?

म्हणून काल दुकान बंद असताना मी त्या वितरकाला फोन केला. त्याचं कार्ड तू इथेच विसरली होतीस. बाबा म्हणाले, “मी बोलू का?” मी हातानेच त्यांना गप्प बसवलं. तुला न विचारता केला, रागाव हवं तर.

माझं नाव सांगण्यातच मी अडकले. तो म्हणाला, हॅलो, हॅलो, तुमचा आवाज तुटतोय, परत लावा. मी सांगितलं, लाईन चांगली आहे, मी अशीच बोलते. यालाही बराच वेळ लागला. मग तो ओळखून गोड झाला. “तुम्हाला म्हणायचंय की आवाज बदलायला हरकत नाही, बरोबर?” मी म्हटलं, नाही. “म्हणजे मानधन हवंय?” मी म्हटलं, नाही. बाबा स्टुलावर बसून दोन्ही हातांनी तोंड दाबून होते, बिचाऱ्यांना किती शब्द येत असतील! त्यांनी एकही सोडला नाही.

मग मी माझं वाक्य बोलले. “मुलीने सिनेमा जसा केलाय तसाच लावा, नाहीतर लावू नका.” कसं बोलले ते विचारू नकोस. घामाने पदर ओला झाला. मध्ये त्याने दोन वेळा माझं वाक्य पुरं करायचा प्रयत्न केला, मी दोन्ही वेळा पहिल्यापासून सुरू केलं. मग त्याने तो नाद सोडला.

शेवटी म्हणाला, “अहो, मी समजू शकतो. पण असं बोलणं लोक शेवटपर्यंत ऐकून घेत नाहीत हो.”

मी म्हटलं, “तुम्ही आत्ता घेतलंत.”

मग विचार करून कळवतो म्हणाला. नाही म्हणेल बहुतेक. तसं झालं तर त्याची मोठी थिएटरं आपल्या हातून गेली, आणि ती मी घालवली. तू लहान सभागृहांतून हिंड, एकेक गाव कर, खुर्च्या मांडायला बाबांना ने. चादर मी देते, पडद्याला.

तू विचारलंस ना, आवाज तुझा आहे, काय करू? राहू दे. पूर्ण राहू दे, अडकलेला सगळा.

पत्र आता वाफेवर धरणार नाही, सरळ पेटीत टाकते.

तुझ्या सिनेमातली दुकानवाली, स्वतःच्या आवाजात,
आई