गाडी आली पितृपक्षात

२ एप्रिल २०२२, पाडवा
बुक केली! मुलुंडच्या शोरूममध्ये लग्नाच्या हॉलएवढी गर्दी, आणि बघायला गाडी एकच. तिच्यात बसून बघायलाही रांग. श्रुतिका नावाच्या मुलीने फॉर्म भरून घेतला आणि हसत हसत सांगितलं, "सर, वेटिंग चार महिने. चिपचा प्रॉब्लेम आहे ना, जगभर." चार तर चार. गणपतीच्या आत अण्णांना देवगडला नेणार म्हणजे नेणार.

दोघा भावांची, माझ्या वडिलांची आणि काकांची, गाठ पडून तीन वर्षं झाली. आधी करोना, मग अण्णांच्या खुब्याचं ऑपरेशन. तिकडे जयवंतकाकांचं हृदय थकलंय, त्यांना घराबाहेर पडायची बंदी. अण्णांना रेल्वेचा डबा चढवत नाही. भाड्याची गाडी करतो म्हटलं तर साफ नको म्हणाले. कारण फक्त मला सांगितलं — दर तासाला लघवीला उतरावं लागतं, परक्या ड्रायव्हरला किती वेळा थांब म्हणायचं? आपली गाडी असली की लाज नाही. म्हणून ही गाडी. नाहीतर मला कुठे हौस होती!

१६ एप्रिल
अण्णांनी विचारलं, चिप केवढी असते? मी करंगळीचं नख दाखवलं. "एवढ्यासाठी अख्खी गाडी अडली?" मग बराच वेळ स्वतःचंच नख बघत बसले.

५ मे
विकीच्या मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. लायसन्स आहे माझ्याकडे, बावीस वर्षांपूर्वीचं. पाकिटात झोपलेलं. विकी म्हणाला, "टेन्शन नाय घ्यायचं काका, आपल्याकडे आज्या पण शिकून गेल्यात." सत्तेचाळिसाव्या वर्षी काका.

२१ मे
फ्लायओव्हरच्या चढावर सिग्नलला थांबलो. क्लच सोडला आणि गाडी मागे घसरायला लागली. मागे रिक्षा, रिक्षात बाई, बाईच्या मांडीवर मूल. विकीने त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला. रिक्षावाल्याने माझ्या सात पिढ्या काढल्या. उरलेला रस्ता विकीनेच गाडी चालवली.

घरी सांगितलं, मस्त जमतंय.

२९ जून
श्रुतिकाला फोन. "सर, ऑगस्ट नाही, सप्टेंबर धरून चला." मी वर्षातून चारदा आवाज चढवतो, त्यातला एक आज खर्च झाला. ती बिचारी सॉरी सर, सॉरी सर. चिप काय तिने गिळली आहे?

रागाच्या भरात सीट कव्हर घेऊन आलो. सुलक्षणा म्हणाली, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी." कव्हरं कपाटावर ठेवलीत. बायको बोलली ते बरोबर होतं म्हणून जास्तच राग आला.

११ जुलै
पुन्हा शोरूम. पांढरीच हवी म्हणालो होतो, आज सांगून आलो की कुठलाही रंग द्या. जांभळी असली तरी चालेल.

काकांचा फोन आला होता. आवाज अगदी बारीक झालाय. "आण्णा, कधी येतलस?" अण्णा म्हणाले, "गाडी इली की येतंय." मग दोघांपैकी कुणाला फोन ठेवता येईना. शेवटी मीच अण्णांच्या हातातून घेतला.

३१ ऑगस्ट
गणपती बसले. आपण इथेच. अण्णा दोनदा म्हणाले, पुढच्या वर्षी. मला ऐकवलं नाही.

१४ सप्टेंबर
आली!! श्रुतिकाचा फोन — एकाने बुकिंग रद्द केलं, करडी आहे, शनिवारी घेऊन जा. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, दोन-तीन सेकंद. मग मी म्हटलं, "पितृपक्ष चालू आहे हो. वडिलांना चालणार नाही. घटस्थापनेला देता येईल?"

ती म्हणाली, "सर, या पंधरवड्यात सगळे असंच म्हणतात. पण गाडी ठेवता येत नाही, घाटकोपरची पार्टी तयार आहे. तुमचा नंबर पुढच्या लॉटला. दिवाळीनंतर." मी बरं म्हणून फोन ठेवून दिला. एवढंच.

१५ सप्टेंबर
सुलक्षणाला सांगितलं. तिने पोळी तव्यावर तशीच करपू दिली. "अण्णांना विचारलंस तरी?"
"विचारायचं काय त्यात? दरवर्षी आजोबांचं श्राद्ध घालतात. त्यांना चालेल का?"
"विचारलंस का ते सांग."
नाही विचारलं. आणि आता त्यांना काही सांगायचंही नाही, असं मी बजावलं. गाडी यायचीच आहे, एवढंच त्यांना माहीत राहू दे.

१९ सप्टेंबर
झोप नाही, जेवण नाही. ऑफिसात दोनदा चुकीच्या माणसाला मेल गेला. खरं काय ते इथे तरी लिहावं.

मी पितृपक्ष मानत नाही. गेल्याच वर्षी पितृपक्षात फ्रिज घेतला. मला देवगडच्या वाटेवरच्या घाटाची भीती वाटली. गाडी खरंच येते म्हटल्यावर तो चढ आठवला, आणि शेजारच्या सीटवर अण्णा, आणि मागे घसरणारी गाडी. तोंडातून पितृपक्ष बाहेर पडला. बापाच्या नावावर खपवला. पाच महिने त्या पोरीच्या मागे लागलो, तिला ओरडलो, आणि गाडी दाराशी आली तेव्हा मीच लपलो. लाज वाटते.

२० सप्टेंबर
शोरूमला जाऊन आलो. ती गाडी गेली. आज सकाळीच.

२२ सप्टेंबर
पहाटे काकांच्या सर्वेशचा फोन. जयवंतकाका गेले.

अण्णा उठून धोतर नेसले आणि म्हणाले, "भाड्याची कर."

अकरा वेळा थांबलो. ड्रायव्हर तरुण मुलगा होता, एकदाही तोंड वाकडं केलं नाही. उलट सहाव्या वेळेपासून स्वतःच विचारायला लागला, "आजोबा, थांबवू?" घाट कधी लागला आणि कधी संपला, मला कळलंही नाही. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. अण्णांना राखच बघायला मिळाली.

२४ सप्टेंबर, देवगड
सकाळी पडवीत माणसं बसली होती. काकी रडत मला म्हणाली, "शेवटपर्यंत आण्णा, आण्णा करत होते. तुमका गाडी गावली नाय काय रे हर्षदा?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा बोलले. "गावली होती गो. मियाच नको म्हटलंय. म्हाळाचे दिवस, नवी गाडी कशाक आणूची? पोराक कोणी काय बोलू नकात."

आमचं घर दोन खोल्यांचं. त्या दिवशी मी श्रुतिकाशी फोनवर बोलत होतो तेव्हा अण्णा पलीकडच्या खोलीतच होते.