संप मिटेपर्यंत पुरेल

१२ डिसेंबर १९८२

"जिची पिल्लं गेली ती मोजत बसत नाही, शोधत फिरते," असं आई एकदा म्हणाली होती. माहीमच्या आमच्या दारात मासळी निवडताना, एका कुत्रीकडे बघून. मी तेव्हा दहा वर्षांची होते. आज नव्या खोलीत सामान लावताना ते का आठवलं, कोण जाणे.

खोली छान आहे. डिलाईल रोडवरची चाळ, दुसरा मजला. गॅलरीतून बंद गिरणीचं आवार दिसतं. माझ्या नव्या नोकरीची परळची प्रयोगशाळा चालत वीस मिनिटांवर. संपाला अकरा महिने झाले, तरी चाळ हसरी आहे. शेजारची चंपा, संपातल्या रामदासची बायको, लग्नाला दीड वर्ष झालेली, पाण्याची कळशी घेऊन स्वतःच आली. एकट्या बाईला बारा कप कशाला हो दमाताई, म्हणून हसली, आणि त्यातल्याच दोन कपांत तिनं चहा गाळला.

२० डिसेंबर

काम आवडलं. कत्तलखान्यातून डुकरिणींचे बीजकोश बर्फात येतात. त्यातली अंडी मी गाळून घेते. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक अंड्याभोवती एक नितळ वेष्टन दिसतं. त्यातली प्रथिनं वेगळी काढून कुत्रीला टोचायची. तिचं शरीर त्यांना शत्रू समजतं, आणि मग स्वतःच्या अंड्यांवरच्या तशाच वेष्टनालाही. गर्भ राहत नाही. आमचे प्रमुख डॉ. शरच्चंद्र म्हणतात, भटकी कुत्री गाडीत घालून मारण्यापेक्षा हे किती सौम्य. मला पटलं. गिरणीच्या आवारातल्या सहा कुत्र्या माझ्याकडे दिल्या आहेत. त्या मला ओळखू लागल्या.

१४ जानेवारी १९८३

चंपानं आज भलतंच मागितलं. मूल नको असं नाही, आत्ता नको. रामदासची गिरणी सुरू होऊ दे, मग. तांबी बसवली तर रक्त थांबेना, गोळ्या सासूनं मोरीत ओतल्या. कुत्रीला देता तर मला द्या की, मी काय कुत्रीपेक्षा ओवाळून टाकलेली?

हे माणसांसाठी नाही, असं मी सांगितलं. किती दिवस टिकतं, तिनं विचारलं. ठाऊक नाही, वर्ष-दीड वर्ष असेल, मी म्हटलं. मग संप मिटेपर्यंत पुरेल की, म्हणाली.

संप महिन्याभरात मिटेल असं चाळीत सगळेच म्हणतात.

२ फेब्रुवारी

दिलं. भर दुपारी, माझ्या खोलीत, डाव्या दंडात. महिन्यानं दुसरं द्यायचं आहे. प्रयोगाच्या वहीत त्या मात्रेपुढे मी 'कुत्री क्रमांक सात' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

१८ नोव्हेंबर

सहांपैकी एकीलाही पिल्लं नाहीत. डॉक्टर खूश. आज एकीला भूल देऊन बीजकोश तपासला. आत अंडी उरलेलीच नाहीत. सुकून गेलाय. परत येतील का, मी विचारलं. कशाला यायला हवीत, ते म्हणाले.

रामदासला रे रोडच्या लाकडाच्या वखारीत पहारेकऱ्याचं काम मिळालं. संप मिटला असं कोणी म्हणत नाही, आता कोणी विचारतही नाही. चंपा म्हणते, वाट बघून कंटाळले ताई, आता येऊ दे. मी म्हटलं, थोडा धीर धर.

सांगितलं नाही.

६ फेब्रुवारी १९८४

कुत्र्यांना दूध आलंय. गाभण नसताना असं कधी कधी होतं, मी वाचलंय. पण सहाही जणींना? त्या गिरणीच्या विणकामाच्या साचाखात्यातून मागावरचे हातभर लांब, टोकांना निमुळते लाकडी धोटे उचलून आणतात, कुशीत घेऊन चाटतात. मी एक काढून पाहिला. ओला होता. ऊनही.

चंपा गॅलरीतून बघत होती. म्हणाली, धोट्याला तोंड लावून सूत ओढावं लागायचं, म्हणून विटाळ नको म्हणत आमच्या जातीच्या माणसांना साचाखात्यात घेतच नसत. सासरा जन्मभर सूतकताईच्या रिंगवर राहिला. आता बघा, कुत्री चाटतेय.

हसली ती. मी नाही.

२० जून

चंपाची पाळी थांबली. पोट वर आलंय. दवाखान्यात चल म्हटलं, तर दमाताई, माझ्यावर जळता का, म्हणाली. आज बायकांनी ओटी भरली, नारळ माझ्याच हातानं घालायला लावला. तिनं माझा हात पोटावर ठेवला. लाथ मारली, कळलं?

आत काही हललं नाही. मी हो म्हटलं.

१ ऑक्टोबर

दुपारी बाळंत झाली. एकटीच, दार लावून. बारशापर्यंत नजर नको म्हणून बाळाचं तोंड दाखवत नाही. सासूलाही दाखवलेलं नाही. तरी सासू सांगत फिरतेय, नाक रामदासचं आहे.

दुपटं हातभर लांब. दोन्ही टोकांना निमुळतं.

४ ऑक्टोबर

कुत्र्या जिना चढून आल्या. सहाही. चंपाच्या दाराशी बसल्यात. कुशीत धोटे — मी मोजले — पाच. सहावीकडे नाही.

ती शोधत नाही. दाराकडे बघून शेपूट हलवते.

७ ऑक्टोबर

सगळं सांगितलं. वहीतला सातवा आकडासुद्धा. चंपानं शेवटपर्यंत ऐकलं, पदराखाली दुपटं धरून. रागावली नाही. तुमचं औषध उतरलं ताई, एवढंच म्हणाली.

पदराखाली चोखण्याचा आवाज —

कुत्र्या माझ्यावर गुरगुरल्या. मीच टोचलेल्या.

८ ऑक्टोबर

सकाळपासून भिंतीपलीकडे रडतंय. चाळीत सगळ्यांना ऐकू येतं. बायका म्हणतात, आवाज खणखणीत आहे. मला त्यात लाकडावर लाकूड —

आत धोटा निघाला, तर पाप माझं. ते मी घेईन. पण नाही निघाला तर — सुकलेल्या जागी काय रुजलं, कुणी —

दाराशी उभी आहे, वही हातातच. चंपा, एकदा, फक्त एकदा ते दुपटं मला उघडू दे. तू देणार नाहीस. कुठली आई देईल? तरी —