निरोगी माणसाच्या फुंकरीबाबत

तीर्थरूप काकांना वाकून नमस्कार.

तुमची आणि काकूची तब्येत कशी आहे? (काकूची तिनेच कळवावी. तुमचीही तिनेच कळवावी. तुमच्या पत्रात ती कायम 'उत्तम' असते.)

आमच्या संशोधनाचं विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. निरोगी माणूस किती जोरात फुंकतो याचा तक्ता पुस्तकात आहे, पण तो दूरदेशीच्या छात्यांचा. आपल्याकडच्या छात्यांचा तक्ता आम्ही विद्यार्थ्यांनी करावा असं मॅडमनी ठरवलं. कॉलेजने आशीर्वाद दिले आणि एक यंत्र दिलं, म्हणजे काटा बसवलेली प्लास्टिकची नळी, अख्ख्या वर्गात एकच. तोंडाला लावायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या संपल्यावर आम्ही औषधांचे खोके कापून गुंडाळत बसलो. त्यात इस्पितळात निरोगी माणूस मिळणं मुश्कील. रुग्णांच्या नातेवाइकांना गाठावं तर ते म्हणत, "मला कुठे काय झालंय?" काही न झालेलीच माणसं हवी आहेत, हे पटवण्यात आमचीच दमछाक होई.

अशात तुम्ही भेटायला आलात. बँडमध्ये उभा जन्म ट्रम्पेट वाजवलेला माणूस. फुंकण्यात तुमचा हात कोण धरणार? सगळा वर्ग बघायला जमला. तुम्ही फुंकलंत आणि काटा अर्ध्यावरही गेला नाही. "यंत्र बिघडलंय तुमचं," म्हणून तुम्ही हसलात, आम्हीही हसलो आणि मॅडमना तसंच सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. दुसरं यंत्र मिळणार नाही, बिघडलंय म्हणता तर सिद्ध करा, म्हणाल्या.

मग आम्ही त्या यंत्राच्या हात धुऊन मागे लागलो. वॉचमनचा सायकलचा पंप लावून पाहिला. काटा दर वेळी त्याच जागी. दुसऱ्या इस्पितळातली नळी उसनी आणून सगळ्यांनी दोन्हींत फुंकलं, आकडे जुळले. (एक मित्र फुंकून फुंकून चक्कर येऊन पडला. त्याचाही जुळला.) बाकीच्यांनी नाद सोडला. मी मात्र अजून त्या यंत्राला नावं ठेवत होते.

तरी शास्त्राला एक शंका उरतेच. तिच्या निरसनासाठी तुम्ही सोमवारी येऊन पुन्हा एकदा फुंकावं, ही सगळ्या वर्गातर्फे नम्र विनंती.

तुमची पुतणी
(पुढे डॉक्टर, सध्या पुठ्ठे गुंडाळणारी)

ता. क. त्या दिवशी जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून तुम्ही खिडकीतून आमचं आवार न्याहाळत होतात. त्या आवारात सायकल स्टँडशिवाय बघण्यासारखं काही नाही. या वेळी वर चढू नका. मी दारातच थांबेन. एक्स-रे आणि मॅडमची तपासणीची खोली, दोन्ही तळमजल्यावर आहेत.

आणखी एक. काकूला वेगळं पत्र टाकलं आहे, तेव्हा हे मिळालंच नाही म्हणायची सोय नाही. शास्त्राला शंका वगैरे काही उरलेली नाही, काका. यंत्र ठणठणीत आहे. दोष त्याच्यातच सापडावा म्हणून मी इतकी झटले.