भोकाचा पैसा

अवसरी खुर्द,
वैशाख, सोमवार

प्रिय प्राची,

हे पत्र तुझ्या भावाच्या हाती देणार आहे. आदेश गुरुवारी कांद्याची गाडी घेऊन मंचरला येईल, तेव्हा इकडे डोकावतो म्हणालाय. फोनच केला असता, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. "जेवलीस का", "जेवले", आणि मग दोघी आपल्या फोन कानाला लावून गप्प. परवा तर तुझे मामा, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "आगं, बोलायचं नाय तं ठेव तरी. सुना सासवा मिळून काय टावरची रेंज तपासताय व्हय?" तेव्हा म्हटलं, लिहूनच काढू. अंगणवाडीत इतकी वर्षं पोरांची वजनं लिहिली, सुनेला चार ओळी लिहायला काय जातंय.

इकडे सगळं ठीक. कांद्याच्या बराखी भरून झाल्या. गोरख चाकणहून रजा काढून आला होता, दोघा बापलेकांनी कांदा आत घेतला. यंदा कांदा चांगला पोसलाय, असं सगळे म्हणतात. मी पाहिला, पण पोसलेला आणि न पोसलेला यात मला काही फरक दिसला नाही. वर्षश्राद्धाला तू आलीस आणि दुपारच्या एसटीने परत गेलीस, तेव्हापासून बाया येऊन विचारतात, आता बरं वाटतं का. मी हो म्हणते. खरं सांगायचं तर बरंही वाटत नाही आणि वाईटही वाटत नाही. मागच्या पंधरवड्यात ऊस तुटला तसा बिबट्या थेट गोठ्यामागे आला. मंगल जाऊबाई किंचाळल्या, मामा पत्रा बडवायला लागले, पलीकडच्या वस्तीवरून फटाके वाजले. मी दोरीवर धुणं घालत होते, ते घालत राहिले. बिबट्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो निघून गेला. नंतर जाऊबाई म्हणाल्या, "आक्का, तुमाला भ्या कसं नाय वाटलं वो?" काय सांगणार. भाकरी करताना तवा लागतो, तेही मला फोड आल्यावर कळतं.

गेल्या वर्षी चैत्रात आपला भरत मोटार चालू करायला विहिरीवर गेला आणि शॉक लागून तिथेच राहिला. वर्षभरात आज पहिल्यांदा हे लिहिलं. एका ओळीत मावतं, हे माहीत नव्हतं.

आता आदेशचं सांगते. मागच्या गुरुवारी तो आला, बशीत ओतून चहा प्याला, पावसापाण्याचं बोलला, आणि कप खाली ठेवून एकदम म्हणाला, "मावशी, नारायणगावचं स्थळ आलंय. मानसं चांगली हायेत. पण प्राची आयकतच न्हाई. म्हणती, आत्या हो म्हनल्या तरच. तुमी काय निरोप देता?" मामा उठून बराखीकडे गेले. जाताना म्हणाले, "तूच सांग काय ते. पोर तुजी हाय." माझ्या तोंडून हो निघेना, नाही निघेना. मी नाही म्हटलं तर तू दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन दारात उभी राहशील, हे मला पक्कं माहीत आहे. दिवाळीला तू माहेरी गेलीस तेव्हा मीच म्हटलं होतं की राहा थोडे दिवस, आणि तेव्हापासून रोज तुझ्या ताटाकडे हात जातो. आदेशने वाट पाहिली, मग चपला घालून गेला. कळवते म्हणाले त्याला.

मग असं मनात आलं की हो असो की नाही, भरतची नाण्यांची वही तरी तुला द्यावी. तुला ठाऊकच आहे तिचं कौतुक. पावणा आला की पाण्याच्या तांब्याआधी वही यायची. राणीछाप रुपया, कमळाचं पितळी वीस पैशांचं, नेपाळचं नाणं, आणि जुन्नरच्या मित्राने दिलेलं ते शिशाचं, हत्तीवालं. ते दाखवताना आवाज बारीक करायचा, जसं काही सातवाहनांचं कुणी ऐकतंय. पण पहिल्या पानावरच्या पहिल्या कप्प्यात होता तो भोकाचा पैसा. लोक हसायचे. "ह्यो कशाला वर लावलाय रं? ह्यो तं आमच्या पोत्याच्या तळाला बी निघंल." गोरखने एकदा फोनवर त्याची किंमत काढली आणि म्हणाला, दादा, याचं काही येत नाही. भरत म्हणाला, "मग बरंच झालं की. कुणी मागायचं नाय."

त्याचं मूळ तुला त्याने कितपत सांगितलं, मला माहीत नाही. भरत झाला तेव्हा लई अशक्त होता. तळेघरहून माझी आई चालत-एसटीने-चालत आली, पदराच्या गाठीतून हा पैसा काढला आणि काळ्या दोऱ्यात ओवून त्याच्या कमरेला बांधला. करदोडा लहान झाला की मी दोरा बदलायचे, पैसा तोच. आंघोळ घालताना तो बोट त्या भोकात घालून बसायचा, म्हणून तर गप्प राहायचा. शाळेत पोरं हसायला लागली तेव्हा त्याने तो सोडून माझ्या हातात दिला, आणि संध्याकाळी परत मागून घेतला. काड्यापेटीत ठेवला. मग त्याला सोबत म्हणून दुसरी नाणी गोळा करायला लागला. ही त्याच्या संग्रहाची सगळी कथा.

आता तुमच्या लग्नातलं. हळद उतरवायच्या दिवशी अंगणात परात ठेवली होती, कुंकवाचं लालभडक पाणी, तांदूळ, सुपाऱ्या. त्यात टाकायला नाणं मागितलं तेव्हा जाऊबाई रुपया काढत होत्या. मी म्हटलं थांबा, आणि वहीतून भोकाचा पैसा काढून आणून टाकला. का टाकला ते तुला आता कळलं असेल. डोळे मिटूनही शोधला असता त्याने तो. ज्याला नाणं सापडेल त्याचं घरात चालणार, आणि मला माझ्या पोराचं चाललेलं हवं होतं. आई आहे मी, दुसऱ्याच्या बाजूने कशी खेळणार! तू हात पाण्यात धरून लाजत बसली होतीस आणि जाऊबाई ओरडत होत्या, "हात फिरीव गं पोरी! आत्ता लाजलीस तं जलमभर ह्याचंच आयकावं लागंल!" मी भरतच्या अगदी शेजारी होते. त्याचा हात एकदा फिरला आणि थांबला. सापडला होता. त्याच्या तोंडावरून मला कळलं, आंघोळीच्या वेळचं तोंड होतं ते. मग त्याचं कोपर जरा तुझ्या बाजूला सरकलं, आणि पाण्यातून वर आला तो तुझा हात. बाया ओरडल्या. भरत मोठ्याने म्हणाला, "लई हुशार हाय राव ही!" तीन वेळा परात ढवळली आणि तिन्ही वेळा तूच जिंकलीस. मला इतका राग आला होता की पुरणपोळीत तूप वाढायचं विसरले. पण राग पोटात ठेवला. तुम्हा दोघांना वाटलं, कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं होतं.

तर शुक्रवारी वही काढली आणि पहिलं पान उघडलं, तो पहिला कप्पा रिकामा. बाकी सगळी नाणी जागेवर. मला वाटलं, तू नेलास. न सांगता नेलास. आणि प्राची, मला राग आला. माझ्या आईने आणलेला, मी जपलेला, आणि हिने विचारायचंही नाही? मी एकटीच घरात मोठमोठ्याने तुला बोलत होते. बरं वाटलं. वर्षभराने काहीतरी वाटलं, तर तो तुझ्यावरचा राग होता, आता काय म्हणायचं.

मग तो रुमाल आठवला. भरतला शेवटची आंघोळ घातली तेव्हा चुलत्यांनी त्याच्या अंगावरच्या वस्तू रुमालात बांधून माझ्याकडे दिल्या होत्या. मी तो कपाटात लुगड्यांच्या खाली सारला आणि त्याला हात लावला नाही. शुक्रवारी सोडला. घड्याळ होतं, गाडीची किल्ली, पाकीट. आणि काळा करदोडा, तोडलेला. पुरुषाचा तोडतातच त्या वेळी. त्या दोऱ्यात भोकाचा पैसा बांधलेला होता.

मला माहीतच नव्हतं की त्याने तो परत कमरेला बांधला होता. मी तो दोरा किती वेळ हातात धरून बसले. गाठ पाहिली. भरतला गाठ मारता यायची नाही, त्याने बांधलेली गाय संध्याकाळपर्यंत तिसऱ्याच्या शेतातल्या घासात सापडायची. माझी गाठ मी ओळखते. ही दुहेरी, आतून वळवून घेतलेली गाठ तुझी. तू कांद्याच्या गोणीचं तोंड असंच बांधायचीस आणि मी म्हणायचे, सोडताना ब्लेड लागतं गं. कधी बांधलास, का बांधलास, ते विचारत नाही. ते नवराबायकोचं आहे, सासूने त्यात नाक खुपसू नये. मला सांगितलं नाहीस ते बरोबरच केलंस. पैसा वहीतून गेला तो चोरीला नव्हे, जागेवर गेला. माझ्या आईने बांधला, मग मी, आणि शेवटी तू. मला त्यातही रडू आलं नाही. पण भाकरीला बसले तेव्हा तवा लागला आणि मी ओरडले. मामा बराखीतून धावत आले.

तर निरोप असा, की हो म्हण. आदेशला मी सांगू शकले नाही, म्हणून हे पत्र. इथे तू आली असतीस तर मला सोबत झाली असती, माझ्या हातचं खाल्लं असतंस, आणि आपण दोघी एका घरात गप्प बसलो असतो. तेवढ्यासाठी तुला बोलावणार नाही. तिथल्या सासूला आई म्हण, मम्मी म्हण, काय हवं ते म्हण, फक्त आत्या म्हणू नकोस. तेवढं माझं राहू दे. वही गोरखकडे राहील. पैसा मात्र या पत्रात घडी घालून ठेवलाय, तोडलेल्या दोऱ्यासकट, कारण ती गाठ सोडायचा माझा धीर झाला नाही. नव्या घरी हळद उतरवताना परत परात मांडतील आणि नाणं मागतील. तेव्हा त्यांचं त्यांना टाकू दे, आणि लाजत बसू नकोस, हात चांगला फिरव. हा पैसा त्या पाण्यात टाकू नकोस. हा तू जिंकलेला आहेस.

तुझीच,
आत्या