कमरबाईसाठी एक सुई

मु. नांदेड, सोमवार

ती. बसम्माअक्काला मडिवाळप्पाचं शरणार्थ.

मी मजेत हाय. मिलमधलं काम आता हाताला बसलं. खाणावळीत भाकरी लई चांगली मिळते, काळजी करू नको.

इथल्या हाटेलात ग्रामोफोन हाय. सुई एका गाण्यातच झिजते, म्हणून ज्याला आपलं आवडतं गाणं ऐकायचं, त्यानं सुई स्वतःची आणायची, असा मालकाचा कायदा. काल मी सुई घेऊन मास्टर सदूची तबकडी मागितली, तर आमच्या खात्यातला ख्वाजामियाँ म्हणाला, "कमरबाईपुढं तुझा सदू काय चीज?" अगदी तुझंच बोलणं! इतकी वर्षं त्यावरनं तुझ्याशी भांडलो, पण काल गुमान माझी सुई कमरबाईला देऊन टाकली.

तुझं सांगितलं, तर ख्वाजामियाँनं तुझ्यासाठी नवी सुई दिली. सोबत कागदाला टोचली हाय, बोट जपून.

आपल्या औशात दंग्याच्या भीतीनं दिवस मावळायच्या आत बाजार बंद होतो म्हणं. अप्पा वेळेवर घरी येतात ना? ते म्हणतील, हे दिवस गाण्याचे न्हाईत. म्हणू दे. दार लावून का होईना, आपला ग्रामोफोन वाजव.

सुई एकच हाय, तवा कमरबाईच लाव. सदूला मी आल्यावर ऐकू.

तुझा भांडखोर भाऊ,
मडिवाळप्पा