कंदीलवाल्याचा खेळ

बाबा, गेल्या रविवारी मी तो कंदीलवाल्याचा खेळ पुन्हा खेळले. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. हिंदमाताजवळचं ते व्हिडिओ गेमचं दुकान तर त्याच्याही आधी गेलं, तिथे आता लग्नाच्या साड्या विकतात. माझ्या मुलीने कुठूनसा तो खेळ शोधून लॅपटॉपवर उतरवून दिला. म्हणाली, "आई, तू सारखी सांगतेस ना, तो हाच का बघ." हाच होता. काळा पडदा, वाकडंतिकडं भुयार, हातात कंदील घेतलेला बोटाएवढा माणूस आणि त्याच्या मागून चढत येणारं निळं पाणी. मी पन्नाशी ओलांडली तरी ऑफिसातून आल्यावर गेम खेळते, नातेवाईक हसतात, मी हसू देते. पण रविवारी ते पाणी पडद्याच्या कडेला दिसलं आणि माझ्या तळहाताला तसाच घाम फुटला, जसा अकराव्या वर्षी फुटायचा.

गिरण्यांचा संप लांबत चालला तेव्हा तुम्ही त्या दुकानात बसायला लागलात. साचेखात्यात वीस वर्षं माग चालवलेला माणूस, आता चार मशिनं सांभाळायची, अडलेला दांडा उघडून साफ करायचा, भांडणारी पोरं वेगळी करायची. चाळीत कुणी विचारलं की आई म्हणायची, "तात्पुरतं आहे." तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी म्हणालात, "बरं वाटतं गो तिथे. खात्यासारखा आवाज आहे." मागांच्या खडखडाटाने तुमचे कान अर्धे गेले होते. खात्यात सगळे एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचे, आणि ती सवय तुम्ही घरीही आणली होती. आम्ही भावंडं पाठ करून कुजबुजायचो, कारण समोरून काही लपायचं नाही.

दुपारी शाळा सुटली की मी तुमचा डबा घेऊन यायची. त्या वेळी दुकान रिकामं असायचं. तुम्ही जेवायला बसायचात आणि मला कंदीलवाल्याच्या मशिनवर उभं करायचात. पडद्यावर येणारी इंग्रजी अक्षरं तुम्हाला वाचता येत नव्हती, आणि खरं तर त्यांत गोष्ट अशी काही नव्हतीच. ती तुम्ही सांगायचात. मी विचारलं, "बाबा, हा कुठे चाललाय?" तुम्ही घास गिळून म्हणालात, "पलीकडे त्याची माणसं अडकलीत. त्यांना उजेड दाखवायला चाललाय." मग रोज थोडी थोडी पुढची गोष्ट. त्याची बायको, त्याची दोन मुलं, त्याने पुरून ठेवलेलं भाताचं बियाणं. मी मेले की तुम्ही म्हणायचात, "मेला नाही, बसलाय जरा." पावसाळा गेला, गिरणीचा भोंगा काही वाजला नाही, आणि गोष्ट बदलायला लागली. आधी पलीकडची माणसं बोलेनाशी झाली. मग बायकोचा विषय निघेना. एके दुपारी मी पुन्हा विचारलं, हा कुठे चाललाय, तर तुम्ही पडद्याकडे बघत राहिलात. "आता त्यालाच आठवत नाही," म्हणालात. "पाणी येतंय म्हणून चाललाय."

त्याच दिवसांत दादा दुकानात येऊन बसायला लागला. एकोणीस वर्षांचा, कॉलेज सुटलेलं, फी भरायला घरात काही नाही. त्याचा हात असा बसला होता की खेळ संपायचाच नाही, मागे पोरं उभी राहून बघायची. आणि रस्त्यापलीकडे पानवाल्याजवळ तो पांढऱ्या बुटांचा माणूस उभा असायचा. तो दुकानात कधीच आला नाही. त्याने मालकाला फक्त निरोप पाठवला होता की या मुलाला खेळू द्या, अडवू नका. मालकाने मान खाली घालून ऐकलं. लालबागमधली आणखी दोन मुलं त्याच माणसाबरोबर फिरताना दिसायची आणि त्यांच्या घरचे लोक त्यांच्याबद्दल बोलायचे बंद झाले होते. स्टुलावर बसून तुम्ही रस्त्यापलीकडे बघत राहायचात.

त्या दिवशी चारच्या सुमाराला दादा बाहेर जाऊन त्या माणसाशी दोन मिनिटं बोलला आणि परत येऊन खेळायला लागला. मी कोपऱ्यात दप्तर घेऊन बसले होते. तुम्ही उठलात, मशिनच्या मागे गेलात आणि भिंतीतली पिन ओढलीत. पडदा काळा झाला. दादा वळला.

"काय केलंत हे?"

"ऊठ. घराक चल."

"बाबा, एवढ्या लांब कधीच गेलो नव्हतो मी."

"शिवडीच्या गोदामात तुका कित्याक बोलावल्यान? मी बघलंय त्याचे ओठ. घराक चल."

सगळी पोरं बघत होती. दादाचा चेहरा लाल झाला. "तुमचा साचा बंद पडला तो पडला," तो म्हणाला, "आता माझंपण बंद करा." आणि तो रस्ता ओलांडून गेला. तुम्ही दारापर्यंत गेलात, पिन अजून हातात. त्यानंतर तो घरी आलाच नाही. चार महिन्यांनी चौकीतला हवालदार चाळीत आला, तुम्हाला नाव घेऊन विचारलं आणि बरोबर घेऊन गेला. शिवडीच्या गोदीमागच्या चिखलात सापडलेला तो दादाच होता. ओळख पटवून तुम्ही परत आलात, पाय धुतलेत आणि आईसमोर बसलात. बोललात काही नाही. तिने तुमचे ओठ बघितले असावेत.

पुढे मी नोकरीला लागले आणि पहिल्यांदा स्वतःसाठी जे घेतलं ते टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र. तुम्ही त्याच्याकडे कधी बघितलं नाहीत. तेव्हापासून शेकड्यांनी खेळ खेळले. आता त्यांत मोठमोठ्या कथा असतात, पात्रं रडतात, आपण काय निवडतो त्यावर शेवट बदलतो. चांगल्या असतात त्या, मी रात्रभर विचार करते असे काही शेवट आहेत. पण आमच्या वयाचे लोक जुन्या खेळांबद्दल गहिवरून लिहितात तेव्हा मला भीती वाटते. "काय दिवस होते," म्हणतात. ते जुने खेळ रंग नवे करून पुन्हा विकतात आणि आम्ही ते घेतो. खेळ तेवढा परत येतो, बाबा, अगदी डागाशिवाय. पानवाल्याजवळचा माणूस त्यात नसतो. मीसुद्धा मुलीला डबा, स्टूल, तुमची गोष्ट एवढंच सांगत आले. तिला वाटतं माझं लहानपण मजेचं होतं.

या नव्या उतरवलेल्या खेळात एक सोय केलीय. एक बटण दाबून धरलं की सगळं उलटं जातं. माणूस मागे चालतो, पाणी ओसरतं, चूक झाली तिथपर्यंत जाऊन पुन्हा सुरुवात करता येते. मुलीने दाखवलं आणि मी लॅपटॉप मिटला. तिने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, डोळे दुखतात.

इस्पितळात शेवटच्या आठवड्यात तुम्ही तेच म्हणत होता जे दर वर्षी त्या तारखेला म्हणायचात. "पिन ओढली नसती तर तो थांबला असता." मी म्हणाले, "झोपा बाबा." तोंड दुसरीकडे फिरवून म्हणाले, ते तुमच्या लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही.

तो थांबला नसता. त्या सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा दादा मोरीच्या आडोशाला पिशवीत कपडे भरत होता. दोन शर्ट, टॉवेल, आईने विणलेला स्वेटर. "बाबांना सांगू नकोस," म्हणाला. मी विचारलं, कधी येणार, तर म्हणाला, बघू. म्हणजे पिन ओढायच्या कितीतरी आधी तो गेलेलाच होता. दुपारी तुम्ही जेवत होता आणि मी अर्धा तास तुमच्या शेजारी उभी होते. तुम्ही विचारलंत, "दादा उठला का गो?" मी पडद्यावरची नजर न काढता हो म्हणाले. सांगितलं असतं तर तुम्ही तसेच उठून घरी गेला असतात, त्याला पिशवीसकट गाठलं असतंत. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीलाही सांगणार नाही, आणि हा कागदही फाडून टाकीन. दादाने सांगू नको म्हटलं म्हणून मी गप्प राहिले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. तुम्ही उठला असतात तर माझा खेळ बंद झाला असता.